गोल्डफिशचा टँक ट्रॉपिकल करायचा आहे – रविवारी सगळं रिकामं करू का?

गोदाकाठची (३ जानेवारी, रात्री १०:१५)

नमस्कार मंडळी. इथले मत्स्यपालनाचे धागे बरेच दिवस वाचतेय, लिहितेय मात्र पहिल्यांदाच.

आमच्याकडे नाशिकला हॉलमध्ये सहा वर्षांपासून गोल्डफिशचा टँक आहे. ३६ × १२ × १५ इंच, लोखंडी स्टँडवर. सासऱ्यांनी निवृत्तीनंतर हौसेनं बसवला होता. सुरुवातीला सात-आठ मासे होते, आता दोनच राहिलेत. एक कॉमेट, शेपटीसकट जवळजवळ ९ इंचांचा, आणि एक रेड कॅप. कॉमेटला आता धड वळताही येत नाही. १२ इंच रुंदीत तो अर्धा वळतो, काचेला लागतो, थांबतो आणि मग उरलेला वळतो. बाबांनाही हे बघवत नाही. त्यांच्या मित्राच्या वाड्यात दगडी हौद आहे, ४ × ४ × ३ फुटांचा. वापरात नाही, पण गळतही नाही. दोघांना तिकडे न्यायचं ठरलंय.

रिकाम्या होणाऱ्या टँकमध्ये निऑन टेट्रा, कोरी (कोरिडोरास, तळाशी फिरणारे छोटे मासे) आणि गुरामीची एक जोडी ठेवावी असं मनात आहे. बेत असा: रविवारी सकाळी मासे हौदात. मग टँक पूर्ण रिकामा करायचा, खडी नळाखाली धुऊन गच्चीत उन्हात वाळवायची, फिल्टरला नवा स्पंज, ताजं पाणी, १०० वॉटचा हीटर. संध्याकाळी २५-३० छोटे मासे आणायचे. दुकानदार म्हणाला, "हीटर लावला की झाला तुमचा टँक ट्रॉपिकल." यात काही चुकतंय का?

पाणकणीस (३ जानेवारी, रात्री ११:०२)

ताई, रविवारचा बेत आधी रद्द करा. मासे हौदात न्यायचा विचार उत्तम आहे, बाकीचं थांबवा.

सहा वर्षांची तुमची खरी कमाई त्या मळकट स्पंजात आणि खडीत आहे. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतात. स्पंजावर वाढलेले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट माशांना विष. नायट्रेट त्या मानानं सौम्य, पाणी बदललं की कमी होतं. कोऱ्या टँकमध्ये ही जिवाणूंची वस्ती शून्यापासून उभी राहायला चार ते सहा आठवडे जातात. तुमच्याकडे ९ इंची कॉमेटची घाण रोज पचवणारी वस्ती तयार आहे, दहा-बारा निऑनचा भार तिला जाणवणारही नाही. पण स्पंज टाकून दिला, खडी क्लोरीनच्या पाण्यात धुतली आणि वर उन्हात वाळवली, तर संध्याकाळी येणाऱ्या माशांसाठी तो कोराच टँक. तीस मासे, शून्य जिवाणू. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकायला लागतात आणि लोक म्हणतात, "निऑन नाजूकच असतात हो."

स्पंज कसा धुवायचा ते सांगतो. टँकमधलंच पाणी एका बादलीत काढा आणि त्यात स्पंज दोन-तीनदा हलका पिळा. चहाच्या रंगाचं पाणी निघेल. त्याला ओल्या मातीचा वास हवा. कुजका वास आला तर आत हवा खेळत नाहीये असं समजा. स्पंज पांढरा करायचा नाही. एवढंच.

पुढचं सांगण्याआधी तीन गोष्टी विचारतो. आजवर पाणी कसं बदलत होता? घरी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) आहे का, असेल तर नळाचा आणि टँकचा आकडा किती? आणि पहाटे टँकचं तापमान किती असतं?

खाडीकाठ (४ जानेवारी, सकाळी ९:२०)

मी माहीमला राहतो. पंधरा वर्षं मासे पाळतोय, हीटर एकदाही घेतला नाही. माझ्याकडे मॉली आणि गोल्डफिश तीन वर्षं एकाच टँकमध्ये आहेत, सगळे मजेत. मला वाटतं आपण भारतात याचा फार बाऊ करतो. गोल्डफिश थंड पाण्याचा आणि टेट्रा गरम पाण्याचा ही विभागणी परदेशी पुस्तकांतली. आपल्याकडे सगळं पाणी गरमच.

गोदाकाठची (४ जानेवारी, सकाळी ११:४५)

पाणकणीस काका, बाबांना विचारलं. पूर्वी ते नियमित पाणी बदलायचे. दोन वर्षांपूर्वी कंबर धरली, तेव्हापासून पाणी खाली गेलं की फक्त वरून भरतात. स्पंज मधूनमधून टँकच्याच पाण्यात पिळतात, तेवढं बरोबर निघालं!

आरओवाला टीडीएस मीटर देऊन गेला होता, तो सापडला. नळ १४० (आमच्याकडे गंगापूर धरणाचं पाणी येतं), टँक ७१०. मी तीनदा मोजलं.

तापमान: काल रात्री १० वाजता २०.५, आज पहाटे साडेपाचला १७. निफाडकडून वारा आला की आमचा हॉल असाच गारठतो.

आणखी एक. तळाशी अलिबागहून आणलेले बरेच शिंपले आहेत. शोभेला ठेवले तर चालतील ना?

कल्ले (४ जानेवारी, दुपारी १:१०)

@खाडीकाठ, तुमचा अनुभव खरा आहे, पण तो माहीमच्या पाण्याचा आहे. मुंबईत जानेवारीतही टँक २३-२४ च्या खाली क्वचित जातो, नाशिकला एका रात्रीत साडेतीन अंश उतरला. टेट्राला १७ अंश म्हणजे अन्न पचणं बंद, अंग आखडणं, आणि आठवड्याभरात पांढरे ठिपके.

गोल्डफिशच्या एकत्र राहण्याबद्दल मला मनापासून वेगळं वाटतं. तो कार्प कुळातला मासा, रोहू-कटल्याच्या गोतातला. चीनमध्ये हजारएक वर्षांपूर्वी थंड-समशीतोष्ण तलावांतल्या माशांमधून लोकांनी निवडून निवडून तो घडवला. त्याला पोट नसतं, अन्न थेट आतड्यात जातं, म्हणून खातो भरपूर आणि घाणही तेवढीच करतो. पाणी तापलं की त्याची भूक वाढते, घाण वाढते, आणि नेमका तेव्हाच पाण्यातला प्राणवायू कमी होतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २८ अंशांत ७.८ च्या आसपास. त्यात पीएच ८ असेल तर २० अंशांना एकूण अमोनियातला विषारी भाग साधारण ३.८ टक्के असतो, तो २८ ला ६.५ टक्क्यांवर जातो. मासा लगेच मरत नाही, पण त्याचं आयुष्य झिजतं. नीट सांभाळलेला गोल्डफिश दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. चार-पाच वर्षांत गेला की आपण म्हणतो "वय झालं", त्यातले किती खरंच वयानं गेले?

आणि ९ इंची कॉमेटच्या तोंडात दीड इंची निऑन सहज मावतो, हेही आहेच.

खाडीकाठ (४ जानेवारी, दुपारी ३:३०)

प्राणवायूच्या आकड्याचा मी कधी विचार केला नव्हता. माझा गोल्डफिश मे महिन्यात वरच्या थरात तोंड उघडून राहतो. मला वाटायचं खायला मागतोय. आजच दुसरा एअर पंप लावतो.

पाणकणीस (४ जानेवारी, रात्री ९:५०)

७१० हा आकडा बघून बरं झालं विचारलं असं वाटलं.

पाणी उडून जातं तेव्हा फक्त पाणीच उडतं, क्षार मागेच राहतात. वरून पुन्हा क्षार असलेलं पाणी पडतं. दोन वर्षं हे चाललं की नळाचं १४० टँकमध्ये ७०० होतं, त्यात नायट्रेटही साचतं आणि शिंपल्यांचं कॅल्शियम हळूहळू विरघळतं ते वेगळंच. तुमचे दोन मासे त्यात मुरत गेलेत म्हणून तगलेत. दुकानातल्या, समजा, २०० टीडीएसच्या पिशवीतून निऑन काढून त्यात सोडला तर त्याच्या अंगातल्या पाण्याचा तोल एका तासात कोलमडेल. म्हणजे तुमच्या टँकमध्ये आधी बदलायचं आहे ते पाणी. तापमानाचा क्रम नंतरचा.

हेही एकदम करायचं नाही, जुन्या माशांनाही धक्का बसतो. तुमच्या मापाचा टँक काठोकाठ १०६ लिटरचा. खडी आणि वरची मोकळी जागा सोडली तर ९० धरा. दर एक दिवसाआड १८ लिटर, म्हणजे साधारण एक मोठी बादली, काढायची आणि तेवढीच घालायची. प्रत्येक वेळी २० टक्के. दोन आठवड्यांत सात वेळा झालं की टीडीएस २६०-२७० च्या घरात येईल. नळाचं पाणी आदल्या रात्री बादलीत उघडं ठेवा किंवा दुकानातले हायपोचे खडे पाकिटावर लिहिलेल्या मापानं टाका. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट, क्लोरीन लगेच मारतं.

शिंपले काढा. टेट्राला मऊ पाणी मानवतं. मॉली किंवा गप्पी ठेवणार असता तर शिंपले राहू दिले असते, त्यांना जड पाणीच आवडतं. दगड ठेवायचे असतील तर आपला काळा पाषाण सर्वांत निर्धोक, पाण्यात काही सोडत नाही. शंका असलेल्या दगडावर लिंबू पिळा, फेस आला तर तो टँकमध्ये नको.

टेम्सकाठ (५ जानेवारी, पहाटे ३:१५)

लंडनहून एक भर. परदेशातून वाचणाऱ्यांनी पाणी रात्रभर उघडं ठेवण्यावर विसंबू नये. इथे नळाला क्लोरामाइन असतं आणि ते रात्रभरात उडून जात नाही, पाणी तयार करायचं औषध वापरावंच लागतं. आमच्याकडचं पाणी चुनखडीतून येतं, किटलीला आठवड्यात पांढरा थर बसतो. मी कार्डिनल टेट्राचा हट्ट दोन वर्षं केला, शेवटी प्लॅटी आणि एंडलर्स ठेवले आणि टँक पहिल्यांदा शांत झाला. नळाला जे येतं त्याला मानवणारे मासे निवडावेत असं माझं ठाम मत झालंय. तुमच्या १४० च्या पाण्याचा मला हेवा वाटतो.

मुळामुठा (५ जानेवारी, सकाळी १०:०५)

हीटरबद्दल कळकळीनं लिहितोय, कारण हे माझ्या हातून घडलंय.

पुण्यात दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात मी ८० लिटरच्या टँकला २०० वॉटचा एकच हीटर लावला. मोठा असला की बरं, असा समज. एका रात्री त्याचा थर्मोस्टॅट चालू अवस्थेतच अडकला. सकाळी झाकण उघडलं तर काचेवर वाफ आणि थर्मामीटर ३६ वर. चौदा रमीनोज टेट्रा गेले. हात पाण्यात घातला तेव्हा ते कोमट लागलं, अंघोळीच्या पाण्यासारखं, ते आजही आठवतं.

हिशेब सोपा आहे. १०० वॉटचा हीटर ९० लिटर पाणी एक अंश तापवायला साधारण एक तास घेतो, उष्णता बाहेर जाते ती धरली तर थोडा जास्तच. २०० वॉट अडकला तर रात्रीत दहा अंश चढवू शकतो. म्हणून १०० वॉटचा एक घेण्याऐवजी ५० वॉटचे दोन घ्या, टँकच्या दोन टोकांना. एक अडकला तर एकटा पाणी उकडू शकत नाही, एक बंद पडला तर दुसरा निदान माशांना थंडीतून तारून नेतो. दोन्ही रात्री दहा तास अखंड चालले तरी एक युनिट.

वायरबद्दल: प्लगपर्यंत जाताना वायरीला खाली झोळ राहू द्या, म्हणजे ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. पाणी बदलण्याआधी हीटर बंद करून पंधरा मिनिटं थांबायचं. तापलेली काच पाण्याबाहेर आली की तडकते. आणि घरात अर्थिंग व ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, मासे नंतर.

गोदाकाठची (५ जानेवारी, रात्री ८:४०)

मुळामुठा, वाचून वाईट वाटलं. १०० वॉटचा परत करून ५० चे दोन आणले. काल पहिली बादली बदलली. शिंपले काढून धुऊन बाबांच्या खिडकीत ठेवलेत.

आता क्रम विचारते. आधी टँक गरम करून जिवाणूंना सवय लावू आणि मग गोल्डफिश हलवू, की उलट?

पाणकणीस (५ जानेवारी, रात्री १०:३०)

उलट. आधी गोल्डफिश, मग हीटर.

टँक २५ वर नेलात आणि मग मासे जानेवारीतल्या दगडी हौदात सोडलेत तर त्यांना आठ-दहा अंशांचा धक्का. आज ते १७-२० मध्ये आहेत, हौदही दुपारी त्याच्या जवळपास असेल. पाण्याचे सात बदल झाले की स्वच्छ उन्हाच्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला न्या. पिशवी हौदात तरंगत ठेवा, तासभर थोडं थोडं हौदाचं पाणी पिशवीत घाला, मग सोडा.

आणि हौदाचं विसरू नका. ४ × ४ × ३ फूट म्हणजे साडेतेराशे लिटर, पण तो कोराच टँक आहे. तुमच्याकडची अर्धी खडी जाळीच्या पिशवीत भरून तशीच ओली तिकडे न्या आणि हौदात टांगा. जिवाणू सोबत जातील.

गोदाकाठची (५ जानेवारी, रात्री १०:४४)

कांद्याची लाल जाळीची गोणी चालेल? ती नाशिकला घरोघरी असते.

पाणकणीस (५ जानेवारी, रात्री १०:५१)

याहून चांगली पिशवी दुकानात मिळणार नाही. साबण न लावता धुऊन घ्या.

भीमाथडी (६ जानेवारी, सकाळी ७:३०)

ताईंनी माशांची रीतसर सोय केली म्हणून त्यांचे आभार मानायला लॉगिन केलंय. आमचं गाव उजनीच्या काठावर. घरातले नकोसे मासे लोक नदीत, तलावात, गणपतीच्या हौदात सोडून देतात आणि त्यांना ते पुण्यकर्म वाटतं. उजनीत आता जाळ्याला सकर लागतो. दुकानात "टँक साफ करणारा" म्हणून दोन इंची विकतात तोच. अंगावर काटेरी कवच, खायला कोणी घेत नाही, आणि जाळ्यातून सोडवताना जाळं फाटतं. चिलापी आली तेव्हा निदान ती विकली तरी गेली, भिगवणला तिच्यावर हॉटेलं चालतात. सकरचं तेही नाही.

त्यामुळे हात जोडून सांगणं: दुकानदार नव्या टँकबरोबर सकर गळ्यात मारेल. घेऊ नका. तो फूटभराहून मोठा होतो, तीन फुटी टँक त्याला पुरत नाही, आणि मग पुन्हा कुठे सोडायचा हा प्रश्न. नको असलेला मासा दुकानात परत द्या, दुसऱ्या हौशी माणसाला द्या, पण नदीत नको.

गोदाकाठची (१९ जानेवारी, रात्री ९:१५)

कळवायला उशीर झाला, पण सगळं सांगितल्यासारखंच केलं.

सात बदलांनंतर टीडीएस २७५. पाणी पूर्वी किंचित पिवळट होतं हे आता कळलं, कारण आता ते काचेसारखं दिसतंय. रेड कॅपची शेपटी दोन वर्षं मिटलेली असायची, ती उघडलीय.

काल दुपारी दोघांना नेलं. हौद १६.५, टँक १८. बाबा पिशवी मांडीवर घेऊन रिक्षात बसले होते. कॉमेट हौदात सुटला आणि तळाला जाऊन दोन मिनिटं स्तब्ध राहिला. मग एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ पोहत गेला, न थांबता वळला आणि परत आला. बाबांनी ते तीन-चार वेळा मोठ्यानं मोजलं. हौदावर खंड्यापासून राखायला नायलॉनची जाळी टाकलीय, गोणी कोपऱ्यात टांगलीय.

टँकमध्ये आता अर्धी खडी, जुना स्पंज आणि पाणी. हीटर आज सुरू करू?

पाणकणीस (१९ जानेवारी, रात्री १०:१०)

करा. दिवसाला दीड-दोन अंश, २४.५-२५ वर थांबा. निऑनला २६-२८ ची गरज नाही, २१ ते २५ हा त्याचा सुखाचा पट्टा. डिस्कस या जास्त गरम पाण्यातल्या माशाचे आकडे बघून टँक उकळवू नका.

मासे नसताना जिवाणू उपाशी राहतात. चार-पाच दिवस ते तग धरतात, पण रोज चिमूटभर खाद्य टाका, ते कुजून अमोनिया देईल. महिनाभर टँक रिकामा ठेवून सजवत बसू नका. उरलेली खडी काढायची असेल तर आठवड्याला थोडी थोडी, आणि जागी बारीक वाळू, कारण कोरीच्या मिशा धारदार खडीवर झिजतात.

पहिली तुकडी फक्त सहा कोरी. दहा दिवसांनी निऑन. गुरामी सर्वांत शेवटी.

मळवाट (२० जानेवारी, सकाळी ८:००)

रत्नागिरीहून. आमच्या अंगणात देशी बदामाची लाल झालेली पानं पडतात, ती वाळवून ठेवतो. ९० लिटरला दोन पानं पुरेत. पाणी फिकट चहासारखं होतं, टेट्राचा रंग त्यात खुलतो. रस्त्याकडेची, फवारा मारलेली पानं घेऊ नका. कोणाला हवी असतील तर पाठवेन, पैसे नकोत.

गोदाकाठची (१२ फेब्रुवारी, रात्री ११:२०)

मदत हवीय. कोरी २५ जानेवारीला आणले, सहाही छान. निऑन ४ तारखेला आणले, बारा. आज तिघांच्या पंखांवर मिठाच्या कणासारखे पांढरे ठिपके दिसतायत आणि एक दगडाला अंग घासतोय. अमोनिया-नायट्राइट दोन्ही शून्य. निऑन आधी वेगळ्या टबात ठेवायला हवे होते का? मी थेट सोडले, ही चूक माझीच.

कल्ले (१२ फेब्रुवारी, रात्री ११:५५)

व्हाइट स्पॉट, म्हणजे इक. लवकर पाहिलंत. हो, नवे मासे दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवायला हवे होते, पुढच्या वेळी ठेवालच.

हा परजीवी माशाच्या कातडीखाली असतो तेव्हा त्याला औषध लागू पडत नाही. तो गळून तळाला जातो, फुटतो आणि शेकडो पिल्लं मासा शोधत पोहतात, मरतो तो त्या अवस्थेत. पाणी गरम केलं की हे चक्र आठवड्याऐवजी तीन-चार दिवसांत उरकतं. म्हणून तापमान दर काही तासांनी एक अंश असं २९ पर्यंत चढवा आणि एअर पंप पूर्ण सोडा, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी. रोज तळ सायफन करा. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही आठवडाभर चालू ठेवा. मीठ टाकणार असाल तर जपून, कोरीला ते सोसत नाही. दोन दिवसांत ठिपके वाढले तर मॅलाकाइट ग्रीनचं औषध, बाटलीवरच्या अर्ध्या मात्रेनं.

गोदाकाठची (१३ फेब्रुवारी, दुपारी २:३०)

दोन्ही हीटर सकाळपासून बंदच होत नाहीत आणि पाणी २७ च्या पुढे जात नाही. खोली १८ आहे.

मुळामुठा (१३ फेब्रुवारी, दुपारी २:४८)

खोलीपेक्षा ११ अंश वर ठेवायला तुमच्या काचेला १०० वॉट पुरणार नाहीत. तिसरा हीटर घेऊ नका, उष्णता अडवा. टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल असेल तर मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या काचेला चिकटपट्टीनं लावा, वर काच झाका, समोरून रात्री गोधडी. हवेसाठी फट ठेवा.

गोदाकाठची (१३ फेब्रुवारी, रात्री ९:०५)

थर्माकोल लावला. २८.८. तुमचे किती आभार मानू.

गोदाकाठची (२ मार्च, सकाळी १०:३०)

तीन निऑन गेले, नऊ वाचले. १८ फेब्रुवारीनंतर ठिपका दिसलेला नाही, कोरींना काहीच झालं नाही. तापमान सावकाश २५ वर आणलंय. मळवाट यांची पानं पोचली, एक टाकलंय. सकाळी उजेड तिरका आला की त्या चहाच्या पाण्यात नऊ निळ्या रेघा एकदम वळतात, घरातलं प्रत्येक माणूस तिथे थबकतं.

हौदात शेवाळ धरलंय आणि कॉमेट ते खातोय. बाबा एक दिवसाआड थर्मामीटर घेऊन जातात, भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन आकडे लिहितात, हौदाचा आणि टँकचा. कालचे २३ आणि २५.

आता मला एप्रिल-मेची काळजी आहे. हॉलमध्ये दुपारी ३५ होतं. गुरामी आणू का थांबू?

पाणकणीस (२ मार्च, दुपारी १२:१५)

गुरामी आणा, टबात तीन आठवडे ठेवून. उष्णता तिला निऑनपेक्षा चांगली सोसते.

तुमचा हीटर आता नोव्हेंबरपर्यंत कपाटात. आपल्याकडे त्याचं काम दोन-अडीच महिन्यांचं, खरी परीक्षा उन्हाळ्याची. निऑनला ३१-३२ अंश दिवसेंदिवस म्हणजे हाल. झाकण काढून वर बारीक जाळी लावा आणि टेबलावरचा छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका सोडा. पाणी उडतं आणि उडताना दोन-तीन अंश घेऊन जातं. बर्फ टाकू नका, तासात चार अंश खाली आणि पुन्हा वर हे उकाड्यापेक्षा वाईट. खाद्य निम्मं करा, दिवा सकाळी लवकर लावून दुपारी बंद.

पंख्यानं रोज लिटर-दीड लिटर पाणी कमी होईल. ते भरून काढाच, पण आठवड्याची बादली चुकवू नका. वरून नुसतं भरत राहिलात तर जूनपर्यंत मीटर पुन्हा चारशेकडे निघेल.

गोदाकाठची (२ मार्च, दुपारी १:४०)

बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी कॅलेंडरवर प्रत्येक रविवारी "बादली" असं लिहून टाकलंय, पार डिसेंबरपर्यंत. आजचा टीडीएस १९०.